सहजीवनाची शाळा : आपल्या निवासी विद्यालयाचा एक दिवस

या स्मरणिकेच्या अन्य पानांवर संस्थेची वाटचाल, इमारतींची बांधणी, शालान्त परीक्षेचे निकाल आणि देणगीदारांची नामावली वाचकांस आढळेल. आम्ही शिक्षक व वसतिगृहाचे कर्मचारी येथे एका साध्या प्रश्नाचे उत्तर देऊ इच्छितो. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा सहा वर्षांच्या लेकराला पत्र्याच्या पेटीसह आमच्या स्वाधीन करताना बहुतेक प्रत्येक आई तो विचारते : "बाई, पोर इथं दिवसभर करंल काय?"

प्रश्न दिनक्रमाचा दिसतो. पण त्याच्या पोटात आणखी प्रश्न असतात. रात्री तहान लागली तर पाणी कोण देईल? ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवील? मोठी मुले मारणार तर नाहीत? झाडलोट करायला तर लावणार नाहीत? त्या आईला अभ्यासक्रमाची माहिती नसेल. परंतु आपले मूल कोणाच्या सोबतीने वाढणार, हा शिक्षणातील मूळ प्रश्न तिने अचूक ओळखलेला असतो. दिवसा पाच-सहा तास भरणाऱ्या शाळेला हा प्रश्न घरावर सोपवता येतो. निवासी शाळेला ती सोय नाही. येथे पाणी पिण्यापासून निजेपर्यंत जे जे घडते, ते सर्व मूल शिकत असते, मग आम्ही ते शिकवायचे ठरवलेले असो वा नसो.

निवास कशासाठी?

आपल्या विद्यालयातील पुष्कळ मुलांचे आईवडील ऊसतोडणीला, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात. दसरा-दिवाळी आटोपली, की साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि मराठवाड्यातील अनेक गावे व तांडे रिकामे होऊ लागतात. कोयता घेऊन निघालेल्या जोडप्यासोबत मूलही निघते. त्याचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असते आणि ते स्वतः फडाशेजारच्या कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेले असते. हंगाम संपवून ते परत येते तेव्हा वर्ष सरत आलेले असते. ६ ते १४ वयोगटातील प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पण तो हक्क बजावायचा तर मुलाला वर्षभर एका जागी राहता आले पाहिजे. ती जागा वसतिगृह देते.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. त्याच सुमारास कर्मवीर भाऊराव पाटील साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणून एका पंक्तीला जेवू घालत होते. गरिबाच्या मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणून भागत नाही, त्याच्या भाकरीची आणि अंथरुणाचीही सोय करावी लागते, हे या सर्वांनी ओळखले होते.

आपल्या विद्यालयाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे येथे पहिली ते दहावीचे वर्ग एकाच आवारात आहेत. लहान गावांत शाळा बहुधा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असते. पुढील इयत्तेसाठी दुसऱ्या गावी जावे लागते आणि त्या वाटेवरच कितीतरी मुलांचे, विशेषतः मुलींचे, शिक्षण थांबते. येथे चौथीतून पाचवीत जाणे म्हणजे एका व्हरांड्यातून दुसऱ्या व्हरांड्यात जाणे होय. त्याहून मोठा लाभ असा, की सहा वर्षांचे मूल आणि सोळा वर्षांचा विद्यार्थी एकमेकांच्या नजरेसमोर वाढतात. पहिलीतल्या मुलीला दहावीची ताई रोज दिसते, म्हणून दहावी ही गोष्ट तिला आपल्या आवाक्यातली वाटू लागते.

सकाळ : पाणी, परिपाठ आणि मौन

पहाटे पाच वाजता घंटा होते. मोठी मुले आधी उठतात, पाण्याच्या टाक्या पाहतात आणि मग लहानांना जागे करतात. आंघोळीच्या रांगेत इयत्ता पाहिली जात नाही. जो आधी आला तो आधी. पिण्याच्या पाण्याचे नळ व्हरांड्याच्या मध्यभागी आहेत आणि ते ज्याने त्याने आपल्या हाताने उघडावयाचे आहेत.

नव्या पाहुण्याला ही व्यवस्था सांगण्यासारखी वाटत नाही. आम्हांला ती सांगावीशी वाटते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्या बालकाचा प्रवेश झाला, आणि ज्याच्या स्मरणार्थ महाराष्ट्रात आता तो दिवस 'विद्यार्थी दिन' म्हणून पाळला जातो, त्या बालकाला शाळेच्या नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ उघडला तरच तहान भागे. शिपाई नसेल तर तहानलेलेच राहावे लागे. बसण्यासाठी घरून आणलेले गोणपाटाचे तरट त्याला रोज परत न्यावे लागे, कारण ते उचलण्यास शाळेचा नोकर तयार नसे. बाबासाहेबांनी हे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्याआधी १८६८ मध्ये महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुला केला होता, आणि १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आपल्या व्हरांड्यातील नळाला एवढा इतिहास आहे. तो आम्ही भाषणातून क्वचित सांगतो. पहिलीचे मूल टाचा उंचावून नळ सोडते, तेवढे पुरेसे असते.

आंघोळीनंतर वंदना होते आणि त्यानंतर सर्वजण दहा मिनिटे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत बसतात. संस्था बौद्ध आहे. विद्यार्थी सर्वच बौद्ध घरांतले नाहीत. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार शासनमान्य वा शासन अनुदानित शाळेत कोणासही, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. म्हणून वंदनेस बसणे हे पालकांच्या व मुलाच्या इच्छेवर आहे. जे बसत नाहीत ते त्या वेळी वाचनालयात वाचतात आणि त्याबद्दल त्यांना कोणी काही विचारीत नाही. दहा मिनिटांच्या मौनाला मात्र सगळेच येतात, कारण त्यात कोणाचेही नाव घ्यावयाचे नसते. लहान मुले आरंभी चुळबुळ करतात, एक डोळा उघडून शेजाऱ्याकडे पाहतात. दिवाळीपर्यंत ती बसू लागतात. वर्ग भरण्यापूर्वी परिपाठ होतो : राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, दिनविशेष आणि एका विद्यार्थ्याने सांगितलेली बातमी.

झाडू कोणाच्या हाती?

परिपाठाआधीचा अर्धा तास स्वच्छतेचा असतो. या अर्ध्या तासाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण त्यावरून एकदा आमच्या पालकसभेत मोठा वाद झाला होता.

एका वडिलांनी उभे राहून सांगितले, "आमच्या बापजाद्यांनी जन्मभर दुसऱ्याचं अंगण झाडलं. मी शाळेत होतो तेव्हा गुरुजी झाडू माझ्याच हातात देत. पोरगं त्यातनं सुटावं म्हणून इथं घातलं, अन् इथंबी झाडूच?" सभा स्तब्ध झाली. श्रमप्रतिष्ठेवर चार वाक्ये बोलून त्यांना गप्प करणे सोपे होते. पण त्यांचे म्हणणे खरे होते. ज्या समाजात झाडू जन्मावरून वाटला गेला, तेथे श्रमप्रतिष्ठेचा उपदेश नेमका झाडणाऱ्यालाच केला जातो आणि झाडून घेणारा त्या उपदेशातून सुटतो.

त्या सभेनंतर आम्ही आमच्या कामाच्या याद्या काढून पाहिल्या. पाहिल्यावर मान खाली गेली. मुलांच्या पाळ्या व्यवस्थित लावलेल्या होत्या. शिक्षकांचे नाव एकाही पाळीत नव्हते. उशिरा येणाऱ्यास शिक्षा म्हणून स्वच्छतागृह धुण्यास सांगितले जाई. मुलींकडे झाडणे आणि मुलांकडे बागेला पाणी घालणे, अशी वाटणीही आपोआप होऊन बसली होती. कोणी ठरवून केले नव्हते. परंतु जे बाहेरच्या समाजात चालते ते कुंपणावरून उडी मारून आत आले होते.

तेव्हापासून तीन नियम केले. पहिला, स्वच्छतेच्या पाळीत मुख्याध्यापकांपासून पहिलीच्या मुलापर्यंत सर्वांची नावे असतील आणि यादी सर्वांना दिसेल अशा फळ्यावर लिहिली जाईल. पहिली-दुसरीच्या मुलांकडे कागद वेचणे व चपला ओळीत लावणे एवढेच काम. स्वच्छतागृहे धुण्याच्या पाळीत केवळ मोठी माणसे आणि नववी-दहावीचे विद्यार्थी, हातमोजे व पुरेशा पाण्यासह. दुसरा, स्वच्छता ही शिक्षा म्हणून कधीही दिली जाणार नाही. शिक्षण हक्क अधिनियमाच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध केले आहेत. कामाला शिक्षेचे रूप दिले, की त्या कामाचा अपमान होतो आणि ते करणाऱ्याचाही. तिसरा, काम मुलगा-मुलगी पाहून वाटले जाणार नाही.

पुढील सभेला ते वडील पुन्हा आले. त्या सकाळी गणिताचे सर बादली घेऊन स्वच्छतागृहाकडे निघाले होते. वडील काही बोलले नाहीत. जाताना त्यांनी फळ्यावरची यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि मुलाला विचारले, "तुझी पाळी कधी?" त्यांचे समाधान झाले असा आमचा दावा नाही. परंतु एकच काम एकाला हीन करते आणि दुसऱ्याला शहाणे करते. कोणाला त्यातून सूट आहे यावरच ते ठरते, हे त्यांनी आम्हांला शिकवले.

वर्गात येणारे घर

पहिलीत येणाऱ्या मुलांची बोली पुस्तकातल्या मराठीहून वेगळी असते. बंजारा तांड्यावरचे मूल आईला 'याडी' आणि भाकरीला 'बाटी' म्हणते. पाठ्यपुस्तकातील आई भाकरी थापते, तेव्हा त्या मुलाच्या दृष्टीने ती कोणा परक्याच घरची असते. असे मूल पहिले काही आठवडे गप्प राहते आणि मास्तरांनी त्याला मंद समजण्याचा धोका असतो. यावर आपल्या शाळेत उपाय हाताशी आहे : त्याच तांड्याच्या बाजूची पाचवी-सहावीची एखादी मुलगी रोज एक तासिका पहिलीच्या वर्गात बसते. ती दुभाषी असते. बाई मराठीत विचारतात, ताई गोरमाटीत सांगते, मूल गोरमाटीत उत्तर देते आणि फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले जातात. त्यातून लहानाला भाषा मिळते, आणि मोठीला प्रथमच कळते की आपली घरची बोली फळ्यावर लिहिण्याजोगी आहे.

गणितासाठी आमचे कोठीघर उपयोगी पडते. शासनाच्या शालेय पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य असा निकष आहे. सातवीच्या वर्गाला आम्ही उदाहरण घालतो : समजा, प्राथमिक गटात १२० आणि उच्च प्राथमिक गटात ९० मुले उपस्थित आहेत, तर तांदूळ किती लागेल? उत्तर येते १२ किलो आणि साडेतेरा किलो, एकूण साडेपंचवीस. मग ती मुले मावशींसोबत वजनकाट्यावर तांदूळ मोजून पाहतात. एका वर्षी हिशेब संपल्यावर एका मुलीने विचारले, "मग नववीच्या दादांना किती?" ती योजना आठवीपर्यंतच आहे, हे सांगावे लागले. "नववीत गेल्यावर भूक कमी लागते का?" हा तिचा पुढचा प्रश्न. निवासी शाळेत मोठ्या मुलांच्या जेवणाची तरतूद अन्य मार्गाने करावी लागते, ती कोठून होते आणि त्यासाठी देणगी का मागावी लागते, हे त्या दिवशी गणिताच्या तासाला सांगितले गेले. नागरिकशास्त्राचा याहून चांगला तास आम्हांला घेता आला नसता.

पावसाळ्यात आठवीचे विद्यार्थी पर्जन्यमापकातील पाणी रोज सकाळी आठला मोजून वहीत नोंदवतात. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. २०० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे २००० लिटर. काही वाया जाते, बाकीचे टाकीत येते. मार्च-एप्रिलमध्ये टाकीची पातळी उतरू लागते तेव्हा हीच मुले आंघोळीच्या बादल्यांचा हिशेब मांडतात. दुष्काळी भागातल्या मुलाला पाण्याचे मोल ठाऊक असते. पाण्याचे माप त्याला शाळेने द्यावयाचे असते.

दादा, ताई आणि आजाऱ्याची खोली

प्रत्येक लहान मुलामागे एक मोठा विद्यार्थी, अशी आपली रीत आहे. दादा किंवा ताई त्याचे अंथरूण, नखे, केस आणि गृहपाठ पाहतात. बाहेरून येणाऱ्यांना ही रीत फार आवडते. तिच्यातील धोकाही आम्ही येथे नमूद करतो, कारण तो अन्य शाळांना उपयोगी पडेल.

आरंभी आम्ही या मोठ्या मुलांना शिस्त राखण्याचा अधिकारही दिला होता. काही महिन्यांतच दोन-तीन लहान मुले रात्री अंथरूण ओले करू लागली. आधी कारण कळले नाही. मग अधीक्षिकाबाईंना एका मुलाने रडत सांगितले, की रात्री लघुशंकेला उठले तर दादा ओरडतो. दादा वाईट नव्हता. त्याला त्याच्या लहानपणी जसे वागवले गेले तसाच तो वागत होता. आम्ही तो अधिकार त्याच आठवड्यात काढून घेतला. आता दादा-ताईंचे काम फक्त काळजी घेण्याचे. तक्रार असेल तर ती मोठ्यांकडे. रात्री शयनगृहाबाहेर दिवा चालू असतो, कामाठी मामा जागे असतात, आणि दर शनिवारी अधीक्षक व अधीक्षिका लहान मुलांशी दादा-ताईंच्या अनुपस्थितीत बोलतात. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आचार्यांची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत विद्या हातचे न राखता देण्याबरोबरच शिष्याला सर्व दिशांनी सुरक्षित करणे हेही आहे. ही सुरक्षा आतल्या दिशेनेही द्यावी लागते, हे आम्ही चुकून शिकलो.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. त्याचा कोणाला उपयोग होत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले; दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर निजवले. मग भिक्खूंना जवळ बोलावून त्यांनी समजावले, की येथे तुमची सेवा करायला आईवडील नाहीत. तुम्हीच परस्परांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा प्रसंग जणू वसतिगृहासाठीच सांगितला आहे. आजाऱ्याच्या खोलीत तो आम्ही मुलांना सांगतो. त्या खोलीत दिवसरात्र एक मोठे माणूस असते, आणि आजारी मुलाचा सोबती जेवणाचे ताट घेऊन दारापर्यंत येतो. संसर्गाचा आजार असेल तर ताट दारातच ठेवून तो खिडकीतून वर्गात काय शिकवले ते सांगतो.

मोठ्या मुलींच्या काही गोष्टी अधीक्षिकाबाई त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलतात. मासिक पाळीच्या दिवसांत कोणत्याही मुलीने स्वयंपाकघर, वंदना वा खेळ यांपासून दूर बसावयाचे नाही, एवढे येथे लिहिले तरी पुरे. सुट्टीत घरी गेलेल्या काही मुलींनी हा प्रश्न आपल्या आजीशीही काढला, असे आमच्या कानी आले आहे.

संध्याकाळ आणि रात्र

पाच वाजता मैदानावर कबड्डी, खो-खो आणि लंगडी. सातला जेवण, ताट प्रत्येकाने स्वतः धुवावयाचे, शिक्षकांनीही. त्यानंतर दीड तास अभ्यासिका. तेथे इयत्तांच्या ओळी नसतात. मोठ्यांच्या मध्ये लहान बसतात. आठवीच्या मुलाला अपूर्णांक आपल्याला समजला की नाही, हे चौथीच्या मुलाला समजावताना कळते. वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, निजण्यापूर्वी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची काही पाने विद्यार्थीच आळीपाळीने वाचतात. ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारावेत अशी अपेक्षा असते आणि ते विचारतात; कधी कधी उत्तर दुसऱ्या दिवसापर्यंत राखून ठेवावे लागते.

रविवारी फोनचा दिवस. दिवाळीनंतर या दिवसाचे रूप पालटते. फडावरच्या आईबापांचा फोन लागत नाही, लागला तर आवाज तुटतो. मुले वऱ्हांड्यात रांगेत बसून राहतात. ज्याचा फोन लागला त्याच्याभोवती बाकीचे गोळा होतात आणि त्याची आई त्या दिवशी सर्वांची चौकशी करते. गळीत हंगामातील हे चार-पाच महिने आमच्या शाळेची खरी परीक्षा असते. मार्चमधील परीक्षेचा निकाल वर्तमानपत्रात छापून येतो. या परीक्षेचा निकाल एवढाच, की हंगाम संपून आईवडील परततात तेव्हा पटावर जितकी नावे होती तितकीच मुले वर्गात असावीत.

माजी विद्यार्थी आणि हितचिंतक आम्हांला वारंवार विचारतात, "शाळेसाठी काय पाठवू?" पुस्तके, चादरी, धान्य सर्व हवेच आहे. त्याशिवाय एक विनंती करतो. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी आपण स्वतः या. सकाळी फळ्यावरील यादीत आपले नाव लिहा, दुपारी पंक्तीत बसा, आणि रात्री अभ्यासिकेत एखाद्या लहान मुलाशेजारी तासभर बसा. ज्या दिवशी त्याच्या घरचा फोन लागला नसेल, त्या दिवशी त्याला कोणीतरी विचारायला हवे की आज काय शिकलास.

आणि जूनमध्ये दारात उभ्या राहणाऱ्या त्या आईला आमचे उत्तर असे : बाई, तुझे लेकरू इथे आपल्या हाताने पाणी पिईल, आपल्या पाळीला झाडेल, आपल्या बोलीत विचारील, आजारी मित्राला ताट नेऊन देईल, आणि काही वर्षांनी एखाद्या नव्या, रडणाऱ्या मुलाची पत्र्याची पेटी उचलून त्याला त्याची जागा दाखवील. पुस्तकातले धडे आम्ही शिकवू. बाकीचे ते सोबत्यांकडून शिकेल, आणि ते सोबती चांगले असावेत, याची काळजी आम्ही अहोरात्र वाहू.